चौदावं चित्र

मुलुंड (पूर्व),
३ जुलै १९८६

चि. पद्मा हिस अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील अशी भीती वाटली, म्हणून वरचा पत्ता क्षमाकडून लिहून घेतलाय. माझी क्षमा आता बारा वर्षांची झाली. तिच्या बारशातून तू उठून गेलीस, त्यानंतर आपली भेट नाही. बोरिवली काही परदेशात नाही, पण बारा वर्षं गेली खरी.

मागच्या महिन्यात खालच्या नलिनीताईंकडून तुझ्या ऑफिसात फोन केला होता. मी "पद्मा, मी ताई" एवढंच म्हणाले आणि तू ठेवलास. राग नाही. पण नानांचं तुला कळायला हवं. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता. डावा हात आणि डावा पाय जड झालाय, बोलणं थोडं घोटाळतं. उजवा हात वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलले असतील? "चित्रं काढता येतील."

तीस वर्षं शाळेत मुलांकडून आंब्याची पानं आणि सुरया काढून घेतल्या, स्वतःचं काही म्हणून काढलं नाही. आता एप्रिलपासून रोज बसतात. ड्रॉइंग पेपर, पोस्टर कलर, मांडीवर पाट. आपल्या घराची गोष्ट काढतायत. पहिल्या चित्रात त्यांचे आजोबा देवरुखच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवतायत. मग बोटीने मुंबईला येणं, मुलुंडचं भाड्याचं घर, आई लग्नातल्या हिरव्या लुगड्यात. एक चित्र झालं की ते क्षमाला त्याची गोष्ट सांगतात आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतात. एखादा शब्द चुकला तर थांबवतात. तिला आता सगळी पाठ आहेत. आपल्या घरात आईबद्दल इतकं बोलणं कधी झालं नव्हतं, पद्मा.

सोसायटीच्या गणपतीत ही चित्रं मंडपात लावायची असं सेक्रेटरी माणिकरावांनी ठरवलंय. शनिवारी, १३ सप्टेंबरला. क्षमा छडी घेऊन एकेक चित्र सांगणार. तू यावंस असं मला वाटतं. नानांचं वय शहात्तर आहे.

चित्रांत तूही आहेस. चौदाव्यात. निळा फ्रॉक, दोन वेण्या. सगळ्यांना तेच चित्र जास्त आवडतं.

तुझी,
ताई


२२ जुलै १९८६

पद्मा,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, एकच ओळ. "चौदाव्या चित्रात अस्वल आहे का?"

आहे.

कागदाच्या उजव्या बाजूला रस्ता आहे, रस्त्यावर दरवेशी आणि त्याचं अस्वल. मागच्या दोन पायांवर उभं राहून नाचतंय. त्याच्यासमोर निळ्या फ्रॉकातली तू, तोंडात बोट घालून. डाव्या बाजूला घर, आई पलंगावर, तिच्या उशाशी मी. चित्र छान झालंय. अस्वलाचा केस न् केस काढलाय.

आणि गोष्ट नाना जशी सांगतात तशीच आहे, तीत काही वावगं नाही. मार्च पंचावन्न. आईला सातवा महिना. दुपारी दोनला तिच्या पोटात दुखायला लागलं. नाना घाटकोपरला शाळेत. मी तेरा वर्षांची, आईला सोडून जाता येईना म्हणून डॉक्टरांकडे तुला पाठवलं. वाटेत अस्वलाचा खेळ चालला होता, तू बघत उभी राहिलीस आणि सहाला डॉक्टरांशिवायच परत आलीस. तोवर नाना आले होते. आईला ठाण्याला नेलं, रात्री ती गेली, बाळही गेलं. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. नाना गोष्ट संपवताना दरवेळी म्हणतात, "नऊ वर्षांची पोर ती. अस्वल दिसल्यावर थांबणारच." तुला दोष देत नाहीत गं. कोणीच देत नाही.

हे सगळं तुला लिहायची गरज नव्हती. हात लिहीत गेला.

बारशाच्या दिवशी नाना पाहुण्यांना हेच सांगत होते. तू हातातली बशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "अस्वल नव्हतं. ताईला विचारा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मांडीवर क्षमा होती. मी म्हणाले, "जाऊ दे गं, लहान होतीस तू." तू चप्पल घालून निघून गेलीस. मी हाक मारली नाही, हेही मला आठवतं.

काल नानांना म्हटलं, एवढं एक चित्र नको लावूया. "का?" म्हणाले. मी चहाचे कप उचलून आत गेले.

ताई


१२ ऑगस्ट १९८६

पद्मा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते.

परवा जिन्यात खालची मुलं खेळत होती. एक पोरगी रेंगाळली तर दुसरी तिला म्हणाली, "ए, पद्मामावशी करू नको, चल ना." मी तिथेच थांबले. विचारलं, हे कुठून शिकलीस? "क्षमाने सांगितलं. तिची पद्मामावशी अस्वल बघत बसली आणि तिची आजी मेली."

घरात गेले आणि क्षमाच्या थोबाडीत मारली. आजवर तिला कधी हात लावला नव्हता. ती रडली नाही. "मी काय खोटं सांगितलं?" म्हणाली. "शाळेत पण सांगितली मी ही गोष्ट. बाईंनी विचारलं, यातून काय शिकलात? मी म्हटलं, काम सांगितलं की मधे थांबायचं नाही. बाई म्हणाल्या, शाब्बास."

तिने तुला कधी पाहिलेलंही नाही. तुझं नाव तिच्या तोंडात असं बसलंय. उद्या ती तिच्या मुलांना हेच सांगेल, आणि सांगते ती छान.

अस्वल नव्हतं. म्हणजे त्या सोमवारी एक दरवेशी बाजारात येऊन गेला होता, आपण दोघींनी मिळून पाहिला होता. आई गेली गुरुवारी. नाना घरी आले आणि ओरडले, "पद्मा इतका वेळ आहे कुठे?" मला काहीतरी सांगायचं होतं. मी म्हणाले, "अस्वलवाला आलाय, तिथेच उभी असेल." इतकंच. मग तू आलीस, तुझ्या तोंडातून शब्द फुटेना, आणि सगळ्यांना ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीसही, "मी अस्वल नाही बघितलं." पण तेव्हा घर भरलं होतं माणसांनी. कोण ऐकणार?

हे तुला माहीतच आहे. पण माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याजवळ असावं.

ताई


२० ऑगस्ट १९८६

पद्मा,

मागचं पत्र पेटीत टाकून आले आणि स्वतःवरच खूष झाले. जरा हलकं वाटलं. दोन दिवस टिकलं ते. मग नाना रंग वाळवायला चित्रं दोरीवर लावत होते तेव्हा चौदाव्यासमोर उभी राहिले, आणि कळलं की मी तुला उजवी बाजूच लिहिली. डावी ठेवली.

डावीकडे मी आईच्या उशाशी बसले आहे. हातात ओली पट्टी. पद्मा, मी तिथे नव्हते.

आईने मला हाक मारली होती, तुला नाही. "वसू, डॉक्टरांना बोलाव गं, दुखतंय." मला ते नेहमीचंच वाटलं. त्या दिवशी पलीकडे सुहासिनीच्या घरी ग्रामोफोन आला होता, आणि तिचे वडील कामावरून यायच्या आत सगळ्या रेकॉर्डी वाजवून घ्यायच्या असं आमचं ठरलं होतं. तू अंगणात सागरगोटे खेळत होतीस. मी तुला पाठवलं आणि सुहासिनीकडे गेले. एक रेकॉर्ड झाली की दुसरी. चार वाजून गेले. परत आले तर आई मोरीच्या उंबऱ्याशी पडली होती. लुगडं भिजलं होतं. पाण्याला उठली असावी. मला बघून म्हणाली, "पद्मा आली का?" तू गेलीस हे तिने आतून ऐकलं असणार. मी कुठे होते हे तिने विचारलं नाही.

दोन तास ती एकटी होती. हे कोणालाच माहीत नाही. ह्यांनाही नाही. सुहासिनीला माहीत असेल, पण ते लोक त्याच वर्षी पुण्याला गेले.

काल सकाळी नानांना सांगितलं. त्यांचा चहा झाला होता, क्षमा शाळेत गेली होती. सगळं सांगितलं, ग्रामोफोनसकट. ते ऐकत होते. मग म्हणाले, "अस्वल होतं."

"नाही नाना. मी खोटं बोलले तेव्हा."

"तपकिरी होतं. नाकात वेसण. डाव्या कानाचा तुकडा उडालेला."

"नाना, तुम्ही शाळेत होता."

"मी पाहिलंय. मी काढलंय ते." आणि ब्रश पाण्यात बुडवला. पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

मी काय करू? मी त्यांना दिलेलं अस्वल त्यांनी तीस वर्षं इतक्यांदा सांगितलं की आता त्याला कानसुद्धा आहे. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं, तर आईच्या उशाशी बसलेली मुलगीही काढून घ्यावी लागेल. आई एकटी नव्हती, याच आधारावर हा माणूस जगलाय बहुतेक.

पण तुझ्या वाट्याला काय आलं तेही मला आता दिसतं. वीस वर्षांची झाल्याबरोबर नोकरी धरलीस, हॉस्टेलवर गेलीस, लग्न रजिस्टर केलंस आणि आम्हाला नंतर कळवलंस. मी सगळ्यांना सांगत फिरले, पद्माचा स्वभावच तुटक आहे.

वसुधा


१६ सप्टेंबर १९८६

पद्मा,

शनिवारी मंडपात मी तुला शोधत होते. तू आली नव्हतीस. बरं झालं असं आता वाटतं. तू समोर दिसली असतीस तर माझ्याने बोलवलं नसतं.

क्षमाला मी आठ दिवस आधीच सांगितलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी मंडपात काय सांगू?" मी म्हणाले, ते एक चित्र सोडून दे. म्हणाली, "नाही. तेरा झाली की लोक चौदावं मागणारच. ते तू सांग."

"मला नाही जमणार क्षमा."

"मला तरी कसं जमेल?" म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

शेवटपर्यंत मला वाटत होतं की ती ऐकेल माझं. मंडप भरला होता. नाना पहिल्या रांगेत खुर्चीवर, नवा सदरा घालून. पालखीत बसवून आणतात तसं ह्यांनी आणि माणिकरावांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. क्षमाने तेरा चित्रं झकास सांगितली. लोक हसले, बोटीच्या चित्राला टाळ्या पडल्या. चौदाव्याशी आली आणि गप्प झाली. मला वाटलं विसरली. ती छडी घेऊन चालत माझ्याकडे आली, बायकांच्या रांगेत, आणि छडी माझ्या हातात दिली.

मी उठले. माइकसमोर काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. म्हणाले, "ह्या चित्रात आईजवळ बसलेली मुलगी मी आहे. मी तिथे नव्हते. मला डॉक्टरांना आणायला सांगितलं होतं, मी धाकट्या बहिणीला पाठवलं आणि शेजारी गाणी ऐकत बसले. आई एकटी होती. माझी बहीण अस्वल बघत नव्हती. अस्वल मी रचलं. माझ्या वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते काढलं." मागे कोणीतरी हसलं, त्याला ती गंमत वाटली असेल. मग कोणीच हसलं नाही. छडी क्षमाला परत दिली. तिने पंधरावं चित्र सांगायला घेतलं, पण आवाज खाली गेला होता.

नाना माझ्याकडे बघत होते. शेवटचं चित्र होईपर्यंत बसले. मग ह्यांना म्हणाले, "घरी चला."

आज चौथा दिवस. माझ्याशी बोलत नाहीत. ताट मी ठेवलं तर हात लावत नाहीत, क्षमाने ठेवलं तर जेवतात. हे म्हणतात, "एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती? घरात सांगायचंस." घरात सांगितलं होतं, हे त्यांना मी सांगितलं नाही. नलिनीताई जिन्यात भेटल्या, मान हलवली आणि खाली गेल्या. रंगाची पेटी तशीच बंद पडून आहे. नानांची चित्रं बंद पडली ती माझ्यामुळे. ह्याचं काय करायचं मला कळत नाही.

तुला हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. काय झालं ते तुला ठाऊक असावं.

वसुधा


१६ ऑक्टोबर १९८६

पद्मा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, क्षमाच्या हाती देते आहे. म्हणजे तुला ते रविवारी मिळेल. वाचलं नाहीस तरी चालेल, पण शेवटचा भाग वाच, त्यात नानांच्या औषधांचं आहे.

तुझं पत्र इथे कसं वाचलं गेलं ते तुला सांगायला हवं.

विसर्जनानंतर एके संध्याकाळी नाना आपणहून बोलले. खिडकीकडे तोंड करून विचारलं, "मग पद्मा कुठे गेली होती?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"चार तास. कुठे होती ती?"

"मला माहीत नाही नाना. कोणी तिला विचारलंच नाही."

 मग म्हणाले, "तिला विचार." मी कागद घ्यायला उठले, तर क्षमा म्हणाली, "आई, तू नको लिहूस. मी लिहिते." तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

सोमवारी तुझं पाकीट आलं, तिच्या नावावर. जाड होतं. ती ते घेऊन नानांच्या खोलीत गेली आणि मोठ्याने वाचायला लागली, कारण नानांना आता बारीक अक्षर लागत नाही. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. दार उघडं होतं. मला बोलावलं नव्हतं.

तू स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेलीस, तो दुपारचा बंद होता. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर रुळांच्या पलीकडे व्हिजिटला गेलेत. फाटक बंद, मालगाडी उभी. तू तिच्या टोकापर्यंत चालत जाऊन पलीकडे गेलीस. तिथल्या घरी गेलीस तर डॉक्टर नुकतेच निघाले होते. परत फाटक. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतलीस. मग दवाखान्याच्या पायरीवर बसलीस, कारण कंपाउंडर म्हणाला होता, पाचला येतील. पाचला आले नाहीत. मंडईतली सुंदराबाई घरी जाताना तिने तुला पाहिलं, म्हणाली, "गो, काळोख पडतलो, घराक चल." तू म्हणालीस, नाही. तिने तुला हाताला धरून आणलं.

आणि मग क्षमाने ती ओळ वाचली. "मला घरी परत येता आलं असतं, पण निघताना ताई म्हणाली होती, डॉक्टरांना घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. म्हणून मी परत आले नाही."

क्षमा थांबली. नाना म्हणाले, "ते परत वाच." तिने परत वाचलं.

मी म्हणाले होते तसं. पद्मा, तुला लिहिलेल्या पाच पत्रांत मी हे लपवलं नव्हतं. हे मी खरोखर विसरले होते. क्षमाच्या आवाजात ऐकलं तेव्हा आठवलं, आणि का म्हणाले तेही आठवलं. तू लवकर परत आली असतीस तर मला गाणी सोडून उठावं लागलं असतं.

कणकेच्या हाताने दारात गेले. म्हणाले, "नाना, मी म्हणाले होते तिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. मग क्षमाला म्हणाले, "पुढचं वाच."

पुढे तू लिहिलं होतंस की नानांना आणि क्षमाला बोरिवलीला पाठवा, आठ दिवस राहू देत. माझं नाव नव्हतं. मी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.

मंगळवारी त्यांनी रंगाची पेटी उघडायला लावली. हात पूर्वीसारखा चालत नाही, रेघ हलते. फाटक आणि मालगाडी क्षमाने काढली, ते बाजूला बसून सांगत होते. पायरी मोकळी ठेवली आहे. ती तुझ्याकडे बसून काढायची म्हणतात, तू कशी बसली होतीस ते तुला विचारून. जुनं चौदावं फाडलेलं नाही. क्षमा म्हणते, दोन्ही ठेवायची, आणि दोन्हींची गोष्ट सांगायची.

रविवारी हे नानांना आणि क्षमाला टॅक्सीने घेऊन येतील. नानांची पांढरी गोळी सकाळी खाणं झाल्यावर, अर्धी पिवळी रात्री. भात मऊ लागतो. पाण्याचा पेला भरून देऊ नकोस, डावीकडून सांडतं आणि मग ते पाणी प्यायचंच सोडतात. सकाळी त्यांना उजेडाच्या बाजूला बसव. आई कशी गेली ते त्यांना माझ्याकडून कळलं आहे, तू पुन्हा सांगायची गरज नाही. बाकी तुझ्या मनात असेल ते सांग. ते विचारतील.

वसुधा